खाडीच्या तिसऱ्या पुन्हा ताटात हव्यात

"मावशी, तिसऱ्या कुठल्या?" ठाण्याच्या, कल्याणच्या, डोंबिवलीच्या मासळी बाजारात वाट्यापुढे उभं राहिलेलं गिऱ्हाईक हा प्रश्न विचारतंच. "इथल्या खाडीच्या नाहीत गं, खाली कोकणातनं आल्यात," असं उत्तर मिळालं की पिशवी पुढे होते. घरातल्या ऐंशीच्या आसपासच्या माणसांना विचारून बघा. त्यांच्या लहानपणी गिऱ्हाईक नेमकं उलटं उत्तर ऐकायला थांबायचं. खाडीचा माल म्हणजे त्याच सकाळच्या ओहोटीला वेचलेला, घरी नेईपर्यंत शिंपले उघडमीट करणारा. दोन-तीन पिढ्यांत जे नाव खात्रीचं होतं, ते नाकारल्याशिवाय माल खपेनासा झाला.

मला ते जुनं उत्तर परत हवं आहे. चेंदणीच्या, विटाव्याच्या, मोठागावच्या बाईने "खाडीच्या आहेत" असं मान वर करून सांगावं आणि ते ऐकून आपण निर्धास्तपणे वाटा उचलावा, एवढं साधं मागणं आहे. ते मिळवायचं तर ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत राहणाऱ्या आपल्या सगळ्यांना काही कामं अंगावर घ्यावी लागतील.

आधी हे पाणी नीट ओळखून घेऊ, कारण आपल्यातले बहुतेक जण ते फक्त लोकलच्या खिडकीतून बघतात. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरात उगम पावते. कर्जत, नेरळ, बदलापूर करत ती खाली येते, वाटेत बारवी धरणाचं पाणी तिला मिळतं, आणि जांभूळ, शहाड, मोहने इथून उचललेलं तिचंच पाणी आपल्या लाखो घरांच्या नळांना येतं. कल्याणपाशी वालधुनी तिच्यात उतरते. ज्या दुर्गाडीच्या पायथ्याशी शिवछत्रपतींनी मराठी आरमाराचा पाया घातला, तिथवर भरतीचं खारं पाणी चढतं. पुढे मोठागाव, दिवा, मुंब्र्याचा पारसिक डोंगर. ठाण्यापाशी पाण्याला दोन वाटा फुटतात. थोरली वाट कोलशेत, गायमुख, घोडबंदर करत वसईला समुद्रात जाते. धाकटी चिंचोळी वाट साकेत, कळवा, चेंदणी, विटाव्यावरून ठाणे खाडीत शिरते आणि ऐरोली, वाशी ओलांडून मुंबई बंदरात उघडते.

जगात जिथे जिथे समुद्राचं पाणी अरुंद वाटेने आत येऊन उथळ चिखलावर पसरतं, मग ते इटलीतलं व्हेनिसचं खारं सरोवर असो, फ्रान्समधला आर्काशोंचा उपसागर असो की आपली ठाणे खाडी, तिथे आत टाकलेलं सहजासहजी बाहेर पडत नाही. ओहोटी घाण खाली ओढते, भरती ती पुन्हा वर आणून सोडते. पावसाळ्याचे महिने सोडले तर धुऊन नेणारा लोंढाच नसतो. त्यातून आपल्या खाडीचा तळ बारीक मातीचा. धातूचे कण अशा मातीला चिकटतात आणि थरावर थर बसत जातात.

याच चिखलात तिसऱ्या राहतात, दगडांवर आणि पुलांच्या खांबांवर कालवं आणि शिनाणे धरतात, तिवरांच्या मुळांत चिंबोऱ्या बिळं करतात आणि निवट्या उड्या मारतात. यांपैकी तिसरी, कालव आणि शिनाणा हे दोन शिंपल्यांचे जीव. त्यांचं खाणं अगदी वेगळं आहे. ते भक्ष्याच्या मागे जात नाहीत. पाणी आत ओढतात, कल्ल्यांवरून फिरवतात, त्यातले बारीक कण पोटासाठी ठेवतात आणि उरलेलं पाणी बाहेर सोडतात. परिस्थिती अनुकूल असली तर एक मोठं कालव दिवसाला शंभर लिटर आणि त्याहूनही अधिक पाणी गाळतं. म्हणजे खाडीचं पाणी फुकट स्वच्छ करणारी ही एक अखंड यंत्रणाच आहे, आणि ती आपण आपल्या हातांनी मोडत आणली आहे.

बोई किंवा जिताडा वाईट पाणी टाळून दुसरीकडे जाऊ शकतो. कालव जन्मभर एकाच दगडावर असतं. पाण्यात तांबं, जस्त, शिसं, कॅडमियम, पारा जे काही येईल ते त्याच्या शरीरात साठत जातं आणि आजूबाजूच्या पाण्यात असतं त्याच्या हजारो पट होऊ शकतं. तैवानमध्ये एर्रेन नदीच्या मुखाशी १९८६ साली कालवं अक्षरशः हिरवी पडली. वरच्या अंगाला भंगारातली धातू आम्लाने धुऊन काढण्याचे धंदे चालत होते, त्यातलं तांबं कालवांच्या मांसात उतरलं होतं. पाण्याच्या नमुन्यांनी जे सहज दाखवलं नसतं ते कालवांनी ताटात आणून ठेवलं.

विषारी पाणी जाणवलं की हे जीव शिंपले घट्ट मिटून घेतात. काही काळ तसे तग धरतात, पण तेवढा काळ खाणं बंद आणि वाढही बंद. खरा घात त्यांच्या पिल्लांचा होतो. बहुतेक जातींची अंडी आणि शुक्रजंतू उघड्या पाण्यातच सोडले जातात. तिथे जन्मलेली अळी डोळ्यांना दिसत नाही एवढी लहान असते, पहिल्या काही तासांत तर तिला शिंपलाही नसतो. मोठ्या जीवाला जे प्रमाण सोसतं त्यात ती मरते. त्यामुळे तिसऱ्या संपतात तेव्हा किनाऱ्यावर मेलेल्या शिंपल्यांचा खच पडेलच असं नाही. जुन्या तिसऱ्या वेचल्या जातात, नव्या बसत नाहीत, आणि चार-पाच वर्षांनी ओहोटीला उतरलेल्या बाईच्या टोपलीचा तळ झाकत नाही. मेलेल्या माशांचा फोटो वर्तमानपत्रात येतो. न जन्मलेल्या तिसरीचा फोटो कोण काढणार?

हे पाणी असं का झालं, हे या भागातल्या कुणालाही नवीन नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) १९६२ साली स्थापन झालं आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याच्या पहिल्या वसाहतींपैकी एक. मागोमाग अंबरनाथ, डोंबिवली आणि खाडीपलीकडचा ठाणे-बेलापूर पट्टा उभा राहिला. रंग, रंगांसाठी लागणारी मधली रसायनं, औषधांचे कच्चे घटक, कापडावरच्या प्रक्रिया, धातूवरचा मुलामा. या कारखान्यांनी गावोगावच्या मुलांना नोकऱ्या दिल्या, डोंबिवलीतली कितीतरी मध्यमवर्गीय घरं त्या पगारांवर उभी राहिली. ते विसरून चालणार नाही. पण पगाराबरोबर जे बाहेर पडलं ते कुठे गेलं, हा हिशेब कुणी ठेवला नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक क्षेत्रांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा सत्तरच्या वर गेलेली क्षेत्रं अतिप्रदूषित ठरली. डोंबिवलीला ७८.४१ गुण होते, नवी मुंबईही त्याच यादीत होती.

त्यानंतर आपण काय काय पाहिलं? डोंबिवलीत २०१४ साली हिरवा पाऊस पडला. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला उल्हासनगरात वालधुनीच्या काठी वायू पसरला, शेकडो लोक उलट्या आणि गुदमरण्याने दवाखान्यांत गेले. नदीत रसायनं ओतली गेल्याचं त्यामागचं कारण पुढे आलं. २०२० च्या फेब्रुवारीत डोंबिवली एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. २०१६ च्या आणि २०२४ च्या मे महिन्यांत तिथेच झालेल्या स्फोटांनी माणसं मारली. प्रत्येक वेळी आपण हादरलो, मोबाइलवर चित्रफिती फिरवल्या आणि काही आठवड्यांत गप्प झालो. हिरवा पाऊस, गुलाबी रस्ता डोळ्यांना दिसला म्हणून बातमी झाली. गटारातून नाल्यात, नाल्यातून वालधुनीत आणि तिथून खाडीत जाणाऱ्या पाण्याने रोज तेच केलं, ते मात्र बातमीत आलं नाही. वालधुनीच्या काठावर अंबरनाथचं शिलाहारकालीन शिवमंदिर उभं आहे, जवळजवळ हजार वर्षांचं. ज्यांनी ते घडवलं त्यांनी देवासाठी नदीकाठ निवडला होता. आज त्याच मंदिरापाशी नदीकडे बघून नाक दाबावं लागतं, याची मला फार लाज वाटते.

सगळा दोष कारखान्यांच्या माथी मारणंही खरं होणार नाही. आपल्या शहरांचं मैलापाणी खाडीत जातं, आणि त्यातलं सगळं प्रक्रिया होऊन जात नाही. ते पाण्यातला प्राणवायू संपवतं. प्राणवायू संपला की तळाचे जीव आधी गुदमरतात. रेतीचा उपसा झाला की जुना गाळ ढवळला जातो आणि त्यात दडलेलं पुन्हा पाण्यात येतं.

जुन्या गाळातलं सर्वांत गंभीर प्रकरण पाऱ्याचं. कॉस्टिक सोडा बनवण्याच्या जुन्या पद्धतीत पारा वापरत. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उल्हासच्या खाडीतल्या गाळाचे थर तपासून त्यातल्या पाऱ्यावर २००९ साली शोधनिबंध प्रसिद्ध केला. देशातल्या कारखान्यांनी ती पद्धत सोडली, पण चिखलाला हे कळवणार कोण? तिथे जीवाणू पाऱ्याचं मिथिल पाऱ्यात रूपांतर करतात आणि ते रूप मांसात सहज शिरतं. जपानमधल्या मिनामाता उपसागराचं नाव यामुळेच जगाला ठाऊक झालं. तिथे एका रासायनिक कारखान्याने पारा समुद्रात सोडला, मासे आणि शिंपले खाणाऱ्या कोळ्यांच्या घरांत लोकांचे हातपाय लुळे पडू लागले, मुलं व्यंगं घेऊन जन्माला आली. रोगाची अधिकृत नोंद झाली १९५६ साली आणि कारखान्याने पारा सोडणं थांबवलं १९६८ साली. मधली बारा वर्षं तिथली माणसं तेच मासे खात होती. आपली खाडी मिनामाता झाली आहे, असं मी म्हणत नाही. ती झालेली नाही हे आपल्याला कुणी मोजून दाखवत नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

रोहित पक्ष्यांमुळे आपली समजूत आणखी घोटाळ्यात पडते. दरवर्षी हजारोंच्या संख्येने ते ठाणे खाडीत उतरतात, आपण मुलांना घेऊन ऐरोलीला बोटीतून बघायला जातो, आणि एवढे पक्षी येतात म्हणजे खाडी ठणठणीत असणार असं मानतो. २०१५ साली खाडीतलं १,६९० हेक्टर क्षेत्र रोहित अभयारण्य झालं. २०२२ साली ठाणे खाडी पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली, आजूबाजूचं क्षेत्र धरून साडेसहा हजार हेक्टरांहून अधिक. या दोन्ही गोष्टींचा मला मनापासून अभिमान आहे. पण लहान रोहित जगतो सूक्ष्म शेवाळावर, आणि सांडपाण्यातल्या पोषक द्रव्यांवर ते शेवाळ फोफावतं, हे त्यांच्या येण्याचं एक कारण असल्याचं पक्षी अभ्यासक सांगत आले आहेत. पक्ष्यांच्या गर्दीवरून चिखलातल्या पाऱ्याचा आणि कॅडमियमचा अंदाज येत नाही. तो तिसरी देईल, कालव देईल. रामसरचा दर्जा मिळवलेल्या खाडीतले शिंपले खावेत की नाही, हे सांगणारा एक मराठी फलक मी आजवर कुठल्याच बंदरावर पाहिलेला नाही.

माझी पहिली मागणी तीच आहे: शिंपले तपासा, चिखल तपासा आणि निकाल बंदरावर लावा.

प्रदूषण नियंत्रण मंडळ ठरावीक ठिकाणी पाण्याचे नमुने घेतं. आम्लता, प्राणवायू, जैविक भार असे आकडे प्रसिद्ध होतात. त्याचा उपयोग आहेच. पण पाण्याचा नमुना म्हणजे एका क्षणाची नोंद. रात्री दोन वाजता सोडलेलं रसायन सकाळी अकराला भरलेल्या बाटलीत सापडेलच असं नाही. त्या रात्री तिथेच बसलेल्या कालवाने मात्र ते गाळलेलं असतं. एडवर्ड गोल्डबर्ग या शास्त्रज्ञाने १९७५ साली हेच सुचवलं होतं: किनाऱ्याची पहारेदारी शिनाण्यांना आणि कालवांना द्या. अमेरिकेत १९८६ पासून सरकारी यंत्रणा किनाऱ्याकिनाऱ्यावरचे शिंपले गोळा करून त्यातले धातू आणि रसायनं मोजते आहे. आपल्याकडे हे जमण्यासारखं नाही का? राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं केंद्र मुंबईत आहे, वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, ठाण्यात खाडीच्या काठावरच बांदोडकर महाविद्यालय आहे, जिथल्या प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांनी ही खाडी वर्षानुवर्षं पालथी घातली आहे. अन्नातल्या जड धातूंच्या मर्यादा देशात कायद्याने ठरलेल्या आहेत. प्रयोगशाळा आहेत, माणसं आहेत, मोजपट्टीही आहे. आदेश आणि पैसा हवा, आणि या दोन्ही गोष्टी लोकांनी मागितल्याशिवाय मिळत नाहीत. दुर्गाडी, मोठागाव, मुंब्रा रेतीबंदर, कोलशेत, गायमुख, चेंदणी, विटावा, ऐरोली इथले शिंपले, चिंबोऱ्या आणि गाळ वर्षातून निदान चार वेळा तपासला जावा. त्यातल्या दोन तपासण्या पावसाळ्याच्या आधी आणि नंतर व्हाव्यात.

दुसरी गोष्ट आपल्या रोजच्या नजरेतली. डोंबिवली, अंबरनाथच्या वसाहतींत सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आहेत. लहान कारखान्याला स्वतःची पूर्ण यंत्रणा परवडत नाही, म्हणून त्याने आपल्या आवारात प्राथमिक प्रक्रिया करून पाणी केंद्राकडे द्यायचं आणि पुढचं काम केंद्राने करायचं, अशी ही व्यवस्था. केंद्रातलं मुख्य काम जिवंत जीवाणू करतात. उकळत्या दुधात घातलेलं विरजण मरतं आणि दही लागत नाही, तसंच इथेही होतं. एखाद्याने नुसतं आम्ल किंवा तीव्र द्रावक तसंच वाहिनीत सोडलं की ते जीवाणू मरतात, नवे तयार व्हायला दिवस जातात आणि तोवर सगळ्या वसाहतीचं पाणी अर्धवट प्रक्रियेने पुढे जातं. एक बेजबाबदार कारखाना शंभर प्रामाणिक कारखान्यांचं काम पाण्यात घालतो. टँकरने नाल्यात ओतणारा तर केंद्रापर्यंतही येत नाही. म्हणून ही लढाई कारखानदारांविरुद्धची आहे असं कुणी समजू नये. जे उद्योजक पदरचे पैसे घालून पाणी स्वच्छ करतात त्यांना स्वस्तात चोरी करणारा शेजारी रोज मागे टाकतो. कारखानदारांच्या संघटनांना माझी विनंती आहे की अशा चोराला आपला म्हणून पाठीशी घालू नका. तुमच्यातला कुणी काय सोडतो हे तुम्हाला मंडळाच्या आधी कळतं.

आणि हा टँकर पकडणार कोण? तो पहाटे नाल्याच्या पुलावर थांबतो, भर पावसात थांबतो, कारण पुराच्या पाण्यात रंग दिसत नाही. त्या वेळी जागे असतात रिक्षावाले, दूधवाले, पेपर टाकणारी मुलं, रात्रपाळीचे कामगार, सोसायट्यांचे वॉचमन आणि भरतीची वेळ साधायला निघालेले आपले कोळीबांधव. या सगळ्यांना मी हात जोडून सांगतो, गाडीचा नंबर टिपा, ठिकाण आणि वेळ टिपा, लांबून फोटो काढा. जवळ जाऊ नका, वास घेऊ नका, वालधुनीच्या काठी काय झालं ते आठवा. ११२ वर पोलिसांना कळवा आणि त्याच दिवशी प्रदूषण मंडळाच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. पोहोच घ्यायला विसरू नका. तोंडी तक्रारीचा पुढे पुरावा होत नाही.

कोळीवाड्यांना एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगायची आहे. तुमच्या हक्काची भरपाई कुणी घरी आणून देणार नाही, पण मागितली तर ती मिळू शकते हे तुमच्याच भाऊबंदांनी सिद्ध केलं आहे. उरण परिसरातल्या पारंपरिक मच्छीमारांनी बंदराच्या भरावामुळे बुडालेल्या रोजीसाठी राष्ट्रीय हरित लवादाचं दार ठोठावलं. २०१५ च्या फेब्रुवारीत लवादाने १,६३० कुटुंबांना मिळून सुमारे ९५ कोटींची भरपाई देण्याचा आदेश दिला. तारापूरच्या औद्योगिक पाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद लढली आणि २०२२ साली शंभरावर कारखान्यांवर भरपाईची जबाबदारी टाकणारा निकाल मिळवला. आपल्या उल्हास आणि वालधुनीसाठी वनशक्ती या संस्थेने केलेल्या अर्जावर लवादाने २०१५ च्या जुलैत पालिकांना आणि प्रक्रिया केंद्रांना कोट्यवधींचा दंड सुनावला. अशा निकालांना पुढे आव्हान दिलं जातं, वर्षं जातात. तरीही अशा काही निकालांमुळे नाले अडवले गेले, यंत्रणा बसवाव्या लागल्या. ज्यांच्याकडे नोंदी होत्या ते टिकले. म्हणून आजपासून वही घाला. कुठल्या बंदरावर, कुठल्या तारखेला, किती तिसऱ्या मिळाल्या, पाण्याचा रंग काय होता, चिंबोऱ्या बिळाबाहेर येऊन मेल्या का, एवढं रोज लिहा. हे काम बायकांच्या हातात द्या, कारण तिसऱ्या आणि कालवं त्याच वेचतात आणि खाडीचा तळ त्यांच्या पायांना पाठ आहे. दंडाचा पैसा वसूल झाला तर त्यातून याच बायकांना नमुने गोळा करण्याचं मानधन मिळावं, ही मागणीही आपण सगळ्यांनी त्यांच्या बरोबरीने उभं राहून करायची आहे.

खाडी सुधारेल का, असा प्रश्न मला अनेक जण विचारतात. त्यांना मी आर्काशोंची हकीगत सांगतो. फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरचा हा उपसागर कालवांच्या शेतीसाठी प्रसिद्ध. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तिथे अघटित घडलं. कालवांची पिल्लं दगडांवर बसेनाशी झाली, मोठ्या कालवांचे शिंपले वेडेवाकडे जाड होऊ लागले. ओळीने काही हंगाम वाया गेले, पिढीजात शेतकरी देशोधडीला लागायची वेळ आली. शोध घेतल्यावर कारण निघालं बोटींच्या तळाला लावल्या जाणाऱ्या रंगातलं ट्रायब्युटिल टिन हे रसायन. बोटीला शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून ते घालत. फ्रान्सने जानेवारी १९८२ मध्ये लहान बोटींवर तो रंग लावायला बंदी घातली आणि लवकरच पिल्लं पुन्हा धरू लागली. पुढे २००८ साली हे रसायन जगभरच्या जहाजांवरून हद्दपार झालं. आपलं दुखणं एका रंगाचं नाही, गाळातला पारा दोन वर्षांत जाणारही नाही. पण नवं विष यायचं थांबलं की वरून स्वच्छ गाळाचा थर बसू लागतो, दर पावसाळ्यात नदी तो आणून देते, आणि कालव एका हंगामात लाखो अंडी सोडतं. खाडीच्या बाजूने निसर्ग आजही कामाला तयार आहे. तिवरांचं जंगल आपल्या डोळ्यांदेखत वाढलं आहे. राज्याच्या कांदळवन कक्षाने सिंधुदुर्गापासून किनाऱ्यावरच्या गावांत कालवं, शिनाणे, चिंबोऱ्या पाळण्याचे उपक्रम बचत गटांच्या हाती दिले. ठाण्यात आणि कल्याणातही तसे गट उभे राहावेत, हे माझं स्वप्न आहे. त्याची पहिली अट म्हणजे शिंपले खाण्याजोगे राहतील असं पाणी.

महापालिकेच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला एकच विचारा: आमच्या प्रभागातल्या नाल्याचं पाणी कुठल्या मैलापाणी केंद्रात जातं, आणि जात नसेल तर कधी जाईल? तारीख मागा. शाळांतल्या बाईंनी आणि सरांनी सहावी-सातवीची मुलं रोहित बघायला नेताना ओहोटीचा चिखलही दाखवावा आणि जो हात तिसरी वेचतो त्याच्याशी मुलांना बोलू द्यावं. नारळी पौर्णिमेला आपण वाजतगाजत खाडीला नारळ वाहतो. येत्या पौर्णिमेला मिरवणुकीच्या पुढे शिंपल्यांच्या तपासणीची मागणी लिहिलेला फलक चालू द्या, आणि त्या फलकामागे कोळीवाड्याबरोबर कॉम्प्लेक्समधली माणसंही चालू द्या. दोन्हीकडचे नळ याच नदीवर आहेत.

या आठवड्यात करायचं काम सोपं आहे. माहितीच्या अधिकारात एक अर्ज महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जन माहिती अधिकाऱ्यांना, कल्याणकरांनी कल्याणच्या आणि ठाणेकरांनी ठाण्याच्या कार्यालयात द्यायचा. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा, म्हणून नेमकं लिहा: "मागील पाच वर्षांत उल्हास खाडी आणि ठाणे खाडी येथील शिंपले, खेकडे व तळाचा गाळ यांत पारा, शिसे, कॅडमियम, तांबे व क्रोमियम यांचे प्रमाण तपासले आहे काय? असल्यास ठिकाण, दिनांक व निकाल यांच्या प्रती द्याव्यात. नसल्यास तसे लेखी कळवावे." खाली सही, पत्ता, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. तीस दिवसांत उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. न आल्यास पहिलं अपील करा. तोच अर्ज मत्स्यव्यवसाय विभागालाही वेगळा पाठवा. जे उत्तर येईल त्याच्या दोन प्रती काढा, एक सोसायटीच्या सूचना फलकावर लावा आणि दुसरी जवळच्या कोळीवाड्यातल्या पंचांच्या हातात नेऊन द्या.